डिझेलच्या यादीतला पहिला माणूस

मिलो कोलारने आयुष्यात कधी गाडीला जोडून काही ओढलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. गुरांचा ट्रेलर नाही, होडी नाही, चिखलात रुतलेली मेव्हण्याची गाडीसुद्धा नाही. मुळात त्याला मेव्हणाच नव्हता. आईच्या मागे राहिलेली एक फिक्या रंगाची चार दारांची गाडी तो चालवायचा आणि तिला मागे साधा हूकही नव्हता. आमच्या हॅस्केटमध्ये हूक नसलेल्या माणसाला कुणी वाईट म्हणत नाही. त्याच्याबद्दल कुणी काही म्हणतच नाही. असा हा माणूस नऊ महिने गावचा सर्वात मोठा माणूस होऊन बसला. चूक माझी होती. पण एकटीची नव्हती, आणि वाटेकरी कोण होते ते मी नावानिशी सांगणार आहे.

मी बर्निस. गेलन ऑस्ट्रँडरच्या पिकअप गाड्यांच्या दुकानात सुट्या भागांच्या काउंटरमागे बावीस वर्षं उभी आहे. गेलन मालक असला तरी त्याला मी शेंबडा असल्यापासून बघितलंय, त्यामुळे त्याचा मला धाक वगैरे नाही. नेब्रास्काचा हा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा म्हणजे माणसं थोडी, गुरं फार आणि रस्ते सरळ. इथे माणसाची पारख त्याच्या पिकअपवरून होते, आणि पिकअपची पारख तिच्या आवाजावरून. डिझेलची गाडी घरघरत आली की खानावळीतले लोक न बघता सांगतात, रॉयस आला, लॉइड आला. पेट्रोलची आली तर म्हणतात, कुणीतरी आलं.

आता खरं सांगायचं, तर ह्यांतल्या निम्म्या लोकांना डिझेल कशाला लागतं ते मला कधी कळलेलं नाही. पंधरा हजार पौंड गुरं भरून डोंगर उतरणाऱ्याला लागतं, मान्य. पण माझा नवरा ड्वेन? तो वर्षातून दोनदा अॅल्युमिनियमची होडी तळ्यावर नेतो. ती होडी मी एका हाताने उचलते. पेट्रोलचं इंजिन स्वस्त, साधं, थंडीत कुरकुर न करता सुरू होणारं. पण हे ड्वेनला सांगणं म्हणजे पाद्र्याला रविवारी सुट्टी घे म्हणण्यासारखं आहे.

तर मिलो. गावाच्या टोकाला सहकारी संस्थेचं धान्याचं कोठार आहे, तिथल्या वजनकाट्यावर तो एकतीस वर्षं होता. ट्रक काट्यावर चढायचा, मिलो आतून आकडा बघायचा, चिठ्ठी छापायचा आणि खिडकीच्या फटीतून बाहेर सरकवायचा. ट्रकवाला ती ओढून घ्यायचा आणि निघून जायचा. गावातल्या लोकांनी मिलोची बोटं पाहिली होती. काटा वीस-वीस पौंडांनी पुढे सरकतो, आणि त्यातले वीस पौंडही मिलोने कधी कुणाला सोडले नाहीत, ना स्वतःच्या चुलत्याला, ना पाद्र्याला. आई होती तोवर तो तिच्याशी बोलत असावा. ती गेल्यावर मात्र तो सकाळी लावर्नच्या खानावळीत यायचा आणि गल्ल्याजवळच्या स्टुलावर, पायच्या, म्हणजे फळं भरून भाजलेल्या गोड पदार्थाच्या, काचेच्या कपाटाकडे तोंड करून बसायचा. काचेत त्याला मागचं गोल टेबल दिसायचं. त्या टेबलाला आठ खुर्च्या, आठ डिझेलवाले, आणि दिवसभर पुरेल इतकी बडबड. मी रोज तिथे कॉफी घ्यायला थांबायचे आणि मला हे दिसायचं. दिसायचं, आणि मी कप घेऊन निघून जायचे.

त्या वर्षी डिझेलच्या इंजिनांचा दुष्काळ पडला. कारखान्यात कसलासा भाग येत नव्हता म्हणे. पेट्रोलच्या पिकअप हव्या तेवढ्या मिळत होत्या. आमच्याच आवारात अकरा उभ्या होत्या, धुऊनपुसून चकचकीत. डिझेलची एकही नाही. गिऱ्हाईक यायचं, त्या अकरा गाड्यांच्या मधून चालत यायचं, आणि विचारायचं, "काय गेलन, गाड्या काहीच नाहीत वाटतं?"

जुलैच्या एका सकाळी मिलो माझ्या काउंटरवर आला. त्याला वायपरची पट्टी हवी होती. तसली जुनी पट्टी आमच्याकडे नसते, बाहेरून मागवावी लागते. त्यासाठी माझी एक वही आहे. मी नवीन पान उघडलं, वर लिहिलं 'एक, मिलो कोलार', आणि पट्टीचं माप बघायला त्याच्या गाडीपाशी गेले. एवढ्यात गेलन फोन कानाला लावून धावत आला. कंपनीचा माणूस फोनवर होता. डिझेलसाठी थांबलेल्यांची नावं क्रमाने आत्ताच्या आत्ता सांगा, एकदा कॉम्प्युटरमध्ये गेली की बदलणार नाहीत, असं त्याचं म्हणणं. गेलनने समोर दिसली ती वही ओढली, वर 'डिझेल' असं ठोकून लिहिलं, खाली आठवतील तशी नावं खरडली आणि पान वरपासून वाचून दाखवलं. पहिला मिलो कोलार. दुसरी आर्लिस टीग. मग रॉयस, लॉइड. ड्वेन सातवा.

मी परत आले तेव्हा फोन ठेवून झाला होता.

"मिलो, तू इथेच उभा होतास ना?" मी म्हटलं. "तुझं नाव वाचलं तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला वाटलं वायपरची असते यादी," मिलो म्हणाला.

गेलनने कंपनीला पुन्हा फोन लावला. तिथून उत्तर आलं की क्रम बदलत नाही. पहिल्या माणसाने स्वतः सही करून माघार घेतली तरच त्याचं नाव निघेल. गेलनने कागद आणला, पेन आणलं, मिलोच्या खांद्यावर हात ठेवला. "मिलोबाबा, एक सही कर आणि मोकळा हो. तुला कशाला ही कटकट?"

मिलोने कागदाकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ. "विचार करून सांगतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खानावळीत शिरला आणि गोल टेबल गप्प झालं. बातमी पोचली होती. पोचवणारा माझाच नवरा. मिलो नेहमीच्या स्टुलाकडे वळला, तेवढ्यात रॉयसने पायाने एक खुर्ची मागे सरकवली. ती बिल हॅगरची होती. बिल गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेला होता. "या मिस्टर कोलार, बसा इथे," रॉयस म्हणाला. एकतीस वर्षांत मिलोला मिस्टर कुणी म्हटलं नव्हतं. सरकारी पत्रातसुद्धा नुसता एम. कोलार यायचा.

"मग? ओढणार काय तिच्यामागे?" ड्वेनने विचारलं.

मिलोने कॉफी ढवळली. "आहे एक," तो म्हणाला.

"वजन?"

"वजन आहे."

बाकीच्या सातही माणसांनी माना डोलावल्या. वजनातलं मिलोला कळतं, एवढं सगळ्यांना मान्य होतं.

तिथून जे सुरू झालं त्याला मी वेडेपणा म्हणते, ड्वेन अजूनही दुसरं काहीतरी म्हणतो. मिलोला हिवाळ्याबद्दल विचारायचे. तो म्हणायचा, "मका गेल्या सालापेक्षा हलका भरतोय." हे त्याने काट्यावर बघितलेलं असायचं, बस. पण लोक त्यावरून गवताच्या गंजी वाढवायचे. त्याला जत्रेत बायकांच्या पाय बनवण्याच्या स्पर्धेचा परीक्षक केलं. त्याने सगळे पाय वजनावर लावले आणि सर्वात जड पायला पहिलं बक्षीस दिलं, तरी एकही बाई भांडली नाही. शाळेच्या फुटबॉल सामन्यात नाणं उडवायला त्याला नेलं. म्हातारा एल्मर वारला तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्या सहांत मिलो होता. एल्मरची आणि त्याची ओळखही नव्हती. दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी त्याला जेवण, मांसाची तिखट चिली आणि बरोबर दालचिनीचा गोड रोल, आणि निघताना डब्यात खसखस भरलेले गोड पाव, कोलाची, बांधून. माणूस चार महिन्यांत गुबगुबीत झाला.

यादीतल्या बाकीच्यांची तर तऱ्हाच वेगळी. चौथा लॉइड नोव्हेंबरात गेला, आणि त्याच्या दोन मुलांनी जमीन अर्ध्या तासात वाटून घेतली, चौथ्या नंबरावरून मात्र अजून बोलत नाहीत. सहाव्याचा घटस्फोट होता. बायकोने घरावरचा हक्क सोडला, नंबर मागितला. एका दूरच्या रँचवाल्याला वळू पोचवायचा होता, त्याने तो शाळेची जुनी बस घेऊन नेला, पण पेट्रोलची पिकअप घेतली नाही. एकाने घेतली, चोरून, शेजारच्या जिल्ह्यातून. आणि पुढच्या जाळीतून एक वायर लोंबती सोडली. डिझेलचं इंजिन थंडीत गरम राहावं म्हणून रात्री विजेला जोडायची वायर असते, तसली. वायर कशालाच जोडलेली नव्हती. पण गावात त्याने मान वर करून फिरून घेतलं. इकडे आमच्या आवारातल्या अकरा गाड्यांत वाळकं काटेरी झुडूप अडकून बसलं, आणि एकीच्या मागच्या हौद्यात मांजरीने पिल्लं घातली.

मिलो काय ओढणार आहे, ह्यावर गावाने डोकं पिकवलं. कुणी म्हणे रेल्वेचा जुना डबा. कुणी म्हणे आईचं घरच उचलून नदीकाठी नेणार. शेवटी असं ठरलं, की टेकडीपलीकडलं बंद पडलेलं लुथरन चर्च तो अख्खं ओढून आणणार. आमच्याकडे अख्खी लाकडी घरं उचलून, चाकांवर चढवून नेतात, त्यामुळे चर्चच्या गोष्टीला कुणी हसलं नाही. पाद्री काट्यावर जाऊन विनंती करून आला, की चर्च न्या, पण ऑर्गन आधी काढू द्या.

आता आर्लिस टीगबद्दल सांगते, कारण सगळ्या यादीत डिझेलची खरी गरज असलेलं माणूस ती एकच. एकसष्ट वर्षांची, एकटी, वळू पैदा करते आणि वसंतात ते विकून दीडदोनशे मैलांवरच्या रँचवर स्वतः पोचवते. तिची जुनी डिझेल चार लाख मैल चालून आता धुराऐवजी आत्मा सोडायला लागली होती. तिला गोल टेबलावर बसायला वेळ नसे. दर मंगळवारी ती चारा घेऊन काट्यावर यायची, आणि चिठ्ठी घेऊन जाण्याऐवजी खिडकीला तोंड लावून उभी राहायची.

"मिलो, नाव काढ."

"विचार चाललाय."

"तुझा विचार कासवाच्या पायांनी चाललाय का? अर्धी गाय देते, कापून, बांधून."

"माझा फ्रीज लहान आहे."

"फ्रीजसकट देते, मुडद्या!"

असं दर मंगळवारी. कधी कुत्र्याचं पिल्लू, कधी घोड्याचं खोगीर. मिलोने काही घेतलं नाही आणि काही नाकारलंही नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी वायपरची पट्टी आली. मी रविवारी दुपारी ती घेऊन मिलोच्या घरी गेले, खरं तर त्याला चार शब्द सुनवायला. ड्वेनने घरात बोलणं टाकलं होतं. माझ्यामुळे तो सहावा असायचा तो सातवा झाला, असा त्याचा हिशेब. मिलोने दार उघडलं. घर लख्ख होतं. स्वयंपाकघरात एक टेबल आणि एकच खुर्ची. दुसरी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्यावर आईचं स्वेटर घडी करून.

"मिलो, खरं सांग," मी उभ्यानेच म्हटलं. "काय ओढणार आहेस?"

"काही नाही."

"चर्च?"

"मी त्या चर्चमध्ये गेलोही नाही कधी. आम्ही कॅथलिक."

"मग सही कर ना रे बाबा! ती आर्लिस बिचारी रडकुंडीला आलीय, आणि तू काय चालवलंयस?"

तो बराच वेळ पट्टी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "बर्निस, सही केली की बिल हॅगरला खुर्ची लागेल. त्याचा गुडघा कधीच बरा झालाय. तो माझ्यासाठी स्टुलावर बसतो." मग पट्टी टेबलावर ठेवत, "आणि मंगळवारी आर्लिस चिठ्ठी घेऊन निघून जाईल."

 सुनवायला आणलेले चारही शब्द तसेच घेऊन परत आले. रागही होताच. स्वतःच्या एका खुर्चीपायी हा माणूस एका बाईच्या पोटावर पाय देत होता, आणि एकतीस वर्षं वीस पौंडांचं खोटं न बोललेला माणूस रोज सकाळी आठ जणांना 'वजन आहे' म्हणत होता. पण घरी येऊन मी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

एप्रिलमध्ये गाडी आली. लांबलचक ट्रकवरून ती उतरवली तेव्हा आवारात अख्खं गाव जमलं होतं. शाळा सोडून दिली होती. गर्द निळी, एक टनी, डिझेल. गेलनने ती सुरू केली आणि तो घरघराट ऐकून ड्वेनचे डोळे भरून आले. आमच्या लग्नात ते कोरडे होते, हे मी तेव्हाच मनात नोंदवलं. नियम असा, की पहिल्याने तीन दिवसांत गाडी घेतली नाही तर ती दुसऱ्याची. आर्लिस कुंपणाला टेकून उभी होती. तिचे अठरा वळू विकले गेले होते आणि शनिवारपासून पोचवायचे होते. तिच्या जुन्या गाडीने आदल्या आठवड्यात रस्त्यातच राम म्हटला होता.

गेलनने किल्ली पुढे केली. "घे मिलो, तुझी."

मिलोने किल्ली घेतली नाही. "वजन केल्याशिवाय मी काही घेत नाही," तो म्हणाला.

गर्दीत वाहवा झाली. गाडी काट्यावर गेली. पहिल्या दिवशी रिकामी. दुसऱ्या दिवशी टाकी भरून. तिसऱ्या दिवशी टाकी भरून आणि आत गेलनला बसवून. मग शेजारी पेट्रोलवाली आणून तिचंही वजन. प्रत्येक वेळी मिलो आकड्याकडे बघायचा, चिठ्ठी छापायचा आणि खिशात घालायचा. त्याला तीन दिवस हवे होते, ते त्याने पुरवून घेतले. त्या तीन सकाळी खानावळीत उभं राहायला जागा नव्हती आणि लोक त्याच्या अंड्यांचे पैसे देण्यावरून भांडत होते.

तिसऱ्या दिवशी मुदत संपायला एक तास होता. सगळे गोल टेबलाभोवती. आर्लिससुद्धा आली होती, दाराशी, टोपी हातात घेऊन. तिने ह्यावेळी काही देऊ केलं नाही, शिवी दिली नाही. नुसती मिलोकडे बघत राहिली, आणि तो तिच्याकडे. कुणीही तिला बस म्हणालं नव्हतं.

मिलो उभा राहिला. खिशातून कागद काढला, गेलनने जुलैत दिलेला तोच, घडी पडून मऊ झालेला. त्यावर सही केली.

"माझ्याकडे ओढायला काही नाही," तो म्हणाला. आवाज बारीक होता पण स्पष्ट. "कधीच नव्हतं. मी वायपर घ्यायला आलो होतो. तुम्ही खुर्ची दिलीत, मला बरं वाटलं. म्हणून मी खोटं बोललो. गाडी आर्लिसची आहे, नऊ महिन्यांपूर्वीच व्हायला हवी होती. आर्लिस, माझं चुकलं."

आर्लिसने कागद घेतला, मान हलवली आणि सरळ आवाराकडे चालू लागली.   आता ह्याला उचलून बाहेर टाकतात, असं मला वाटलं.

पहिला बोलला ड्वेन. "मिलोला डिझेल नको."

"तीनदा वजन केलं," रॉयस म्हणाला, "आणि मग नको म्हणाला."

"मिलो, किती भरली रे?"

मिलो गोंधळला. पण वजन विचारलं की खरं सांगायचं, एवढंच त्याला माहीत. "पेट्रोलवालीपेक्षा सातशे वीस पौंड जास्त."

"सातशे वीस!" ड्वेन किंचाळला. "सातशे वीस पौंड इंजिन उगाच वाहत फिरायचं? म्हणजे पेट्रोलवालीत तेवढा माल जास्त मावतो! नऊ महिने हा माणूस आतल्या आत हेच मोजत होता!"

"मी मोजत नव्हतो," मिलो म्हणाला. "मी फक्त..."

पण खुर्च्या सरकल्या होत्या. तो लोंढा मी डोळ्यांनी बघितला आहे. दुपारी चारपर्यंत अकराच्या अकरा पेट्रोलच्या पिकअप गेल्या. लॉइडच्या मुलांनी एकीच्या दोन दारांना धरून ओढाओढ केली. ड्वेनला जी मिळाली तिच्यात मांजरीची पिल्लं होती, ती आता आमच्या घरात आहेत. संध्याकाळी गेलनने माझी वही मागितली आणि नवीन पानावर 'पेट्रोल' असं लिहिलं. मी वही त्याच्या हातून काढून घेतली आणि त्याला म्हटलं, "स्वतःची आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खानावळीत गेले. गोल टेबल गच्च, मध्ये मिलोची खुर्ची, आणि बिल हॅगर अजूनही स्टुलावर. मिलो आला. मला वाटलं होतं, येणार नाही. त्याला अहो-जाहो करून बसवलं, कपात कॉफी ओतली.

"आता चाकांचं सांगा," रॉयस म्हणाला. "मागे दोन की चार?"

"मला त्यातलं कळत नाही," मिलो म्हणाला. "मी काल खरं सांगितलं तुम्हाला. मला गाड्यांतलं काहीच कळत नाही. मला नुसत्या गप्पा मारायला आवडलं असतं."

टेबल विचारात पडलं.

"ऐकलंत?" ड्वेन हळूच म्हणाला. "घाई करू नका, म्हणतोय."

"नाही, नाही. काल म्हणाला 'कधीच नव्हतं'. त्यात काय ते आहे."

"मुद्दा वायपरचा आहे. वायपरचं त्याने का काढलं? पाऊस जास्त पडणार आहे."

मग ते जे एकमेकांवर तुटून पडले, ते मिलो काय म्हणाला होता, कुठल्या शब्दावर थांबला होता, आर्लिसकडे बघून म्हणाला की खिडकीकडे बघून, ह्यावरून. मिलो मध्ये बसून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. दोनदा त्याने तोंड उघडलं. दुसऱ्यांदा ड्वेनने हात वर करून त्याला थांबवलं, "एक मिनिट, मिलोचं म्हणणं नीट समजून घेऊ द्या." मला त्या क्षणी नवऱ्याच्या डोक्यात किटली घालावीशी वाटली. मिलोने कप खाली ठेवला, टोपी उचलली आणि उठला. रॉयसच्या मागून वाट काढताना त्याने "जरा" म्हटलं, रॉयसने बोलता बोलता खुर्ची पुढे घेतली. कुणी वर बघितलं नाही.

मी त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेले. काय म्हणणार होते, माहीत नाही. बाहेर ती निळी डिझेल उभी होती, इंजिन चालू, मागे लांब ट्रेलर आणि त्यात सहा वळू एकमेकांना ढुशा देत होते. आर्लिसने खिडकी खाली केली.

"मिलो! आज काट्याला सुट्टी ना?"

"शनिवार आहे."

"मग बस वर. पार नदीपलीकडे जायचंय. वाटेत चौदा फाटकं आहेत, आणि दर फाटकाला मी उतरायचं, उघडायचं, चढायचं, पुढे जायचं, उतरायचं, लावायचं. माझी कंबर गेली. शेजारी बसणाऱ्याने फाटकं उघडायची असतात."

"मला वळूंतलं काही कळत नाही," मिलो म्हणाला.

"ते मला कळतं. तू फाटकं बघ. आणि रस्ता पाच तासांचा आहे, रेडिओ लागत नाही. झोप येऊ नये म्हणून बोलत राहावं लागेल. जमेल?"

मिलो फुटपाथवर उभा. त्याचे कान लाल झाले होते. "कशाबद्दल?"

"मला काय माहीत! तुझ्या आईबद्दल सांग. आधी बस तर, डिझेल जळतंय."

त्याला पायरी सापडेना, ती गाडी उंच असते. दोनदा पाय घसरला, मग आर्लिसने आतून त्याची कॉलर धरून त्याला वर घेतला. दार लागलं. गाडी हळूहळू वळली, ट्रेलर मागून वळला, आणि खानावळीच्या काचा त्या आवाजाने थरथरल्या. आतून कुणीतरी न बघता म्हणालं, "आर्लिस चालली." मला बरं वाटलं, आणि लाजही वाटली, पाच तासांच्या गप्पा सोडा, मला बावीस वर्षांत त्याला एक कप कॉफी पाजणंसुद्धा सुचलं नव्हतं. गाडी कोपऱ्यावर थांब्याच्या खुणेपाशी थांबली तेव्हा मागच्या काचेतून मला मिलो दिसला. तो बोलायला लागला होता, दोन्ही हात हलवून.